टेकडीवरची खोली आणि जळालेलं गाव

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढले आहेत. सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग थोडा माझ्या स्वार्थाचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या प्रबंधासाठी मी लालबाग-परळमधल्या म्हाताऱ्या बायकांना भेटत होते. गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवलेल्या बायका. दहा बाय बाराची खोली, जेवायला २०-२५ पुरुष, पैसे पगाराला, आणि संप झाला की सगळंच उधारीवर. अशा १४ मुलाखती मी घेतल्या. सगळ्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या. मग जुलैमध्ये एका संध्याकाळी करी रोडच्या पुलावर मी आणि माझा फोन असे दोघंही भिजलो. मी वाळले. दुकानदार म्हणाला, "बोर्ड गेलाय ताई, यातलं काही निघणार नाही." बॅकअप? तो येत्या रविवारी घ्यायचा होता. असे बरेच रविवार येऊन गेले होते.

त्या १४ जणींपैकी दोघी आता नाहीत. म्हणजे पुन्हा जाऊन विचारू, असंही सगळं होणार नव्हतं. मी विषय बदलून टाकावा असा सल्ला मिळाला. आणि त्याच आठवड्यात आमच्या एका मॅडमनी माझ्या हातात एक पुस्तक ठेवलं. एम. एन. श्रीनिवास यांचं 'द रिमेम्बर्ड व्हिलेज'. आठवलेलं गाव.

श्रीनिवास हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तरी त्यांचा एक शब्द तुम्ही रोज ऐकता. निवडणूक आली की टीव्हीवरचा प्रत्येक माणूस 'व्होट बँक' म्हणतो ना, तो शब्द श्रीनिवास यांच्या १९५५ च्या एका लेखातून आला असं मानतात. 'संस्कृतायझेशन' त्यांचा. 'डॉमिनंट कास्ट', म्हणजे गावात संख्येने, जमिनीने आणि सत्तेने वरचढ असलेली जात, ही कल्पनाही त्यांचीच. यूपीएससी करणाऱ्यांनी आत्ता मान डोलावली असेल.

तर या श्रीनिवासांची गोष्ट.

२४ एप्रिल १९७०. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वरच्या अंगाला एक टेकडी आहे आणि टेकडीवर बसक्या, लाकडी, एकमजली इमारतींचं एक केंद्र. नाव लांबलचक, 'सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी इन द बिहेवियरल सायन्सेस'. जगभरातून निवडलेले अभ्यासक इथे वर्षभर येऊन राहतात. प्रत्येकाला अभ्यासासाठी एक छोटी खोली. श्रीनिवास त्या वर्षी तिथे होते. वय ५३. मैसूरजवळच्या एका गावाबद्दलचं पुस्तक एकदाचं लिहून काढायचं म्हणून आले होते. पुस्तकात त्या गावाला त्यांनी 'रामपुरा' असं नाव दिलंय. १९४८ सालातले बरेच महिने ते त्या गावात राहिले, १९५२ मध्ये पुन्हा गेले. आणि त्यानंतर जवळजवळ १८ वर्षं, शिकवता शिकवता, विद्यापीठांचे विभाग उभे करता करता, मिळेल त्या वेळात त्या नोंदींवर काम करत राहिले. गावात बसून खरडलेलं कच्चं टिपण वेगळं. त्यावरून विषयवार लावलेल्या, टाइप केलेल्या, पुस्तकासाठी तयार झालेल्या नोंदी वेगळ्या. या तयार नोंदींच्या तीन प्रती होत्या. तिन्ही त्या टेकडीवरच्या खोलीत होत्या.

ते दिवस व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले. स्टॅनफर्डच्या आवारात निदर्शनं, तोडफोड चालू होती. त्या रात्री कुणीतरी या केंद्राला आग लावली. कुणी आणि नेमकी कशासाठी, हे कधीच सिद्ध झालं नाही. माणसाच्या वर्तनाचा अभ्यास करणारं केंद्र, आणि ते पेटवणारा माणूस कोण हे काही कुणाला कळलं नाही. असो. श्रीनिवासांची खोली गेली. तिन्ही प्रती गेल्या.

(त्याच वर्षी त्याच केंद्रात जॉन रॉल्स नावाचे तत्त्वज्ञ होते. त्यांच्या पुस्तकाचं टंकलिखितही त्या रात्री तिथेच होतं. ते जळलं नाही, आग विझवायच्या पाण्याने भिजलं. पानं वाचता येत होती, ती वाळवली. पुढच्या वर्षी, १९७१ ला, 'अ थिअरी ऑफ जस्टिस' छापून आलं. विसाव्या शतकातलं न्यायाबद्दलचं बहुधा सगळ्यात गाजलेलं पुस्तक ते. काय वाचलं आणि काय गेलं हे त्या रात्री कुठली खोली कुठे आहे यावर ठरलं. मला त्या भिजलेल्या पानांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.)

आता जरा थांबू आणि मागे जाऊ. कारण हा माणूस त्या टेकडीवर पोचला कसा, याची वाट मुंबईतून जाते. आणि मुंबईतून म्हणजे खरं तर मालवणातून.

मालवणला १८९३ साली जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून घुर्ये तो सांभाळायला लागले. पुढची ३०-३५ वर्षं या देशात समाजशास्त्र शिकायचं म्हणजे घुर्यांकडे, असा मामला होता. इरावती कर्वे त्यांच्या विद्यार्थिनी. आणि मैसूरहून आलेला श्रीनिवास नावाचा मुलगा त्यांचा विद्यार्थी. मुंबईत एम.ए. झालं, पीएच.डी. झाली, मग श्रीनिवास ऑक्सफर्डला गेले. तिथेच त्यांना भारतीय समाजशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली, आणि नोकरी देताना सांगितलं गेलं की पहिलं वर्ष शिकवू नका, खेड्यात जाऊन राहा. १९४८ चं रामपुरा घडलं ते या सवलतीमुळे.

हे मी मुद्दाम सांगते. कारण आपल्याला वाटतं पुस्तक म्हणजे माणूस अधिक हुशारी. पण बारकाईने पाहिलं तर प्रत्येक मोठ्या पुस्तकामागे कुणीतरी दिलेलं एक मोकळं वर्ष सापडतं. पगार चालू, वर्ग बंद. निवासी फेलोशिप म्हणजे हेच. मोकळ्या वर्षाची रीतसर सोय.

ही सोय तशी नवी आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनला १९३० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी' स्थापन झाली. पैसा आला तो न्यूअर्कच्या एका मोठ्या दुकानाच्या विक्रीतून. लुई बँबर्गर आणि त्यांची बहीण कॅरोलाइन यांनी १९२९ च्या मंदीच्या तडाख्याच्या अगदी थोडं आधी ते विकलं होतं. (नशीब असावं तर असं.) त्यांना काढायचं होतं मेडिकल कॉलेज. अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने त्यांचं मन वळवलं की विद्यार्थी नाहीत, परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत, फक्त विचार करणारी माणसं आहेत, अशी जागा काढा. आइन्स्टाइन तिथे आले. पण ती जागा सुरुवातीला मुख्यतः गणितवाल्यांची म्हणून ओळखली गेली. समाजशास्त्रं आणि त्यांच्या शेजारच्या विषयांसाठी स्टॅनफर्डची टेकडी उभी राहिली ती १९५४ मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून.

तिथला नियम साधा. वर्षभर या, खोलीत बसा, काय लिहिलं ते कुणी विचारणार नाही. फक्त दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र.

हे जेवण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९५८-५९ मध्ये थॉमस कून नावाचा विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यासक या टेकडीवर आला. आजूबाजूला सगळे समाजशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ. कून मूळचा भौतिकशास्त्राचा. त्याला नवल वाटलं की ही माणसं मूळ प्रश्न कुठले आणि पद्धत कुठली यावरच सतत भांडतायत. भौतिकशास्त्रात असं का होत नाही? या प्रश्नाचा पाठलाग करता करता त्याला 'पॅराडाइम' ही कल्पना सापडली, जी आज प्रत्येक कंपनीच्या पीपीटीमध्ये असते. हे त्याने स्वतःच पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवलंय. पुस्तक आलं १९६२ ला. तो आपल्याच विषयाच्या माणसांत बसला असता तर त्याला हा प्रश्न पडला असता का, कोण जाणे. खोली हवीच. पण परक्या विषयाचा शेजारी मिळणं ही त्या खोलीची खरी कमाई.

श्रीनिवासांचंही तसंच झालं. आगीनंतर तो माणूस खचलेला. सोल टॅक्स नावाचे शिकागोचे मानववंशशास्त्रज्ञ त्या वर्षी तिथेच फेलो होते. त्यांनी सुचवलं, नोंदी गेल्या तर जाऊ द्यात, आठवणीतून लिहा. गावात राहून आलेल्या कुठल्या अभ्यासकाने केवळ स्मरणावर पुस्तक लिहिलंय? तुम्ही लिहा.

आणि श्रीनिवासांनी लिहिलं. १९७६ मध्ये 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' प्रसिद्ध झालं. प्रस्तावना सोल टॅक्स यांची.

आता तुम्ही म्हणाल, संशोधन आणि आठवणीतून? परीक्षक उभं करतील का? माझाही पहिला प्रश्न तोच होता. पण पुस्तक वाचताना एक गोष्ट कळते. नोंदी हाताशी असत्या तर तक्ते आले असते, किती एकर कुणाकडे, किती लग्नं कुठे. ते जळलं. उरलं काय, तर माणसं. गावचे मुखिया, ज्यांच्या बैलांच्या घरात श्रीनिवासांना राहायला जागा मिळाली होती. बैल शेजारी, अभ्यासक इकडे. लोक सतत खोलीत येऊन बसायचे, एकटं राहणं अशक्य. (फेलोशिपच्या खोलीच्या बरोबर उलटं.) आणि तो दाढीचा किस्सा. श्रीनिवास ब्राह्मण, पण शहरात वाढलेले, आंघोळ करून मग दाढी करायचे. मुखियांनी त्यांना त्यावरून झापलं. दाढीने माणूस ओवळा होतो, ती आंघोळीआधी करायची असते, एवढंही तुम्हाला कळत नाही? सोवळं-ओवळं शिकायला गेलेल्या संशोधकाला गावाने सोवळं-ओवळं शिकवलं. हे कुठल्या तक्त्यात बसलं असतं?

पण एवढं कौतुक करून थांबले तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. आठवण निवड करते. श्रीनिवासांची उठबस मुखिया आणि जमीनदारांत. ब्राह्मण पाहुणा म्हणून त्यांनी कुठे जावं, कुणाकडे बसावं, हे गावाने ठरवलं आणि त्यांनी ते बरंचसं मानलं. त्यामुळे दलित वस्ती पुस्तकात लांबून दिसते. बायका तर आणखी लांबून. टीकाकारांनी हे दाखवून दिलं, आणि आपण गाव वरच्या जातींच्या बाजूने पाहिलं याची कबुली श्रीनिवासांच्या स्वतःच्या लिखाणातही आहे. आग ही गोष्ट सगळ्यांना सारखी जाळते, पण नंतर काय आठवायचं ते आपण आधी कुणाच्या ओट्यावर बसलो होतो त्यावर ठरतं.

मग प्रश्न उरतोच, खोली मिळते कुणाला? स्टॅनफर्डला त्या काळी अर्ज करायची पद्धतच नव्हती. कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागायचं. म्हणजे आधी तुम्हाला ओळखणारं कुणीतरी हवं, आणि तुम्हाला ओळखतील अशा जागी तुम्ही आधी पोचायला हवं.

आपल्याकडे ही सोय आली १९६५ मध्ये, सिमल्याला. 'भारतीय उच्च अध्ययन संस्थान'. कल्पना राष्ट्रपती राधाकृष्णन यांची, जागाही त्यांच्याच वापरातली. सिमल्यातलं व्हाइसरॉयचं घर १८८८ मध्ये बांधून पूर्ण झालं होतं. इथून इंग्रज उन्हाळाभर देश चालवायचे. १९४५ ची सिमला परिषद याच वास्तूत भरली. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रपती निवास झालं. राष्ट्रपती वर्षातून थोडेच दिवस जाणार, बाकी दिवस एवढं मोठं घर काय करायचं? राधाकृष्णन यांनी ते अभ्यासकांना देऊन टाकलं. २० ऑक्टोबर १९६५ ला उद्घाटन झालं, पहिले संचालक बंगालचे इतिहासकार नीहाररंजन राय. तेव्हापासून तिथे फेलो राहतात. १९८७ मध्ये ऑंग सान स्यू ची इथे फेलो होत्या. म्यानमारला परत जाऊन लढ्यात उतरल्या, त्याच्या थोडंच आधी.

आणि आपले भालचंद्र नेमाडेही इथले फेलो. देशीवादावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 'नेटिव्हिझम' २००९ मध्ये याच संस्थेने काढलं. व्हाइसरॉयच्या घरातून देशीवाद! मला ही गोष्ट फार आवडते. कुणी याला विसंगती म्हणेल. मी म्हणते, वसुली.

सिमल्याला अर्ज करता येतो, जाहिरात निघते, आणि कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी महिनाभर जाऊन राहायची छोटी योजनाही तिथे चालत आली आहे. हे मी अशासाठी सांगते की आपल्या ऐकणाऱ्यांत तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारे बरेच आहेत, त्यांचे मेसेज येतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात. तास घेतला नाही तर पैसे नाहीत. अशा माणसाला 'एक वर्ष शिकवू नका' हे वाक्य कुणी म्हटलं तर ते धमकीसारखं ऐकू येईल. आणि मी घरी सहज विषय काढला की एखादं वर्ष सिमल्याला राहायला मिळालं तर, तेव्हा आईने फक्त एवढंच विचारलं, "एकटी?"

दुसरीही बाजू आहे म्हणा. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९४९ मध्ये काही आठवडे प्रिन्स्टनच्या त्या संस्थेत पाहुणे होते. पण ज्या इतिहासलेखनामुळे आपण त्यांना ओळखतो ते पुण्यात राहून झालं. नोकरी मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, गणिताची. राहणं पुण्याला. जा-ये डेक्कन क्वीनने. आणि वेळ काढून आसपासच्या टेकड्या, लेणी, म्हसोबाची ठाणी पायी तुडवणं. १९५६ चं त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक अशा पायपिटीतून आलंय. म्हणजे खोलीशिवाय होतच नाही असंही नाही. पण कोसंबी म्हणजे कोसंबी. प्रत्येकाकडून ते मागणं बरोबर नाही.

आता माझं काय झालं, ते सांगून थांबते.

मी विषय बदलला नाही. दादरला एका अभ्यासिकेत महिन्याचे पैसे भरून एक खुर्ची घेतली. एमपीएससीवाल्यांची अभ्यासिका. सगळीकडे चालू घडामोडींची मासिकं आणि पाण्याच्या बाटल्या, बोलायचं नाही, फोन सायलेंट. तिथे बसून मी आठवायला लागले. पहिल्या दिवशी अर्धं पान. पण मग येत गेलं. एका आजींनी मला हाताने दाखवलं होतं की भाकऱ्या मोजायच्या नसतात, चळतीची उंची बघायची असते. एकजण म्हणाल्या होत्या, संपात जेवणारे गावी गेले, पण त्यांची ताटं आम्ही वेगळी धुऊन ठेवली होती. आवाज गेले ते गेले. पण हाताची ती खूण तशीही रेकॉर्ड झालेली नव्हती. २५ दिवसांत ७० पानं झाली.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बीड जिल्ह्यातला एक मुलगा बसायचा. राज्यसेवेची तयारी करत होता. एकदा चहाच्या टपरीवर त्याने विचारलं, "ताई, तुम्ही कुठली पोस्ट टार्गेट करताय?" मी सांगितलं हे असं असं लिहितेय. खाणावळी, गिरण्या, २५ माणसं दोन वेळ. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भांडी कोण घासायचं?"

मी १४ घरी गेले होते. कुणालाही विचारलं नव्हतं. पण त्याने विचारल्यावर आठवलं, चिंचपोकळीच्या एका घरात मी आजींशी बोलत होते तेव्हा दाराशी, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, एक बाई बसली होती. आजींच्याच वयाची. मधेमधे हसत होती, एकदा तिने आजींचं एक साल दुरुस्तही केलं. कोण त्या, असं मी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या होत्या, "ती आमच्याकडे कामाला होती, पहिल्यापासून." आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. तिचा चेहरा मला दिसतो. नाव विचारलं होतं की नाही, तेही आठवत नाही.

ती चाळ अजून पडलेली नाही, फोन करून खात्री केली आहे. शनिवारी जाते. या वेळी वही घेऊन.